अमेरिकेंतील कॅथॉलिक मतदार कोणास मत देतात व कां ?

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या एका सभेंत झालेलें भाषण)



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकीं कोणी मनांत म्हणालें असेल कीं, हा गृहस्थ आम्हांला कोठें नेतो आहे ? पेरणी तोंडावर आली आणि याला अमेरिकेंतल्या मतांची उठाठेव ! पण मतपेटी इथली असो वा तिथली, तिच्यापुढें उभा राहणारा गरीब माणूस सगळीकडे एकाच आरोपानें बदनाम होतो. "याला स्वतःची अक्कल नाहीं, कोणी तरी कानांत सांगतो आणि हा तसें करतो." अमेरिकेंत हा आरोप शंभर-सव्वाशें वर्षें ज्या लोकांवर झाला, ते परमुलखांतून पोट भरावयास आलेले रोमन कॅथॉलिक पंथाचे लोक, आधीं आयरिश, मग इटालियन, पोलिश, मेक्सिकन. त्यांच्या कानांत सांगणारा म्हणे पाद्री, आणि पाद्र्याच्या कानांत सांगणारा रोमचा पोप. हा आरोप कितपत खरा होता, आणि खरा नव्हता तर हे लोक अमक्याच उमेदवारामागें कां उभे राहिले, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

प्रथम आयर्लंडांत जाऊं, कारण या मताचें बीं तेथें पेरलें गेलें. इंग्रजांच्या अमलांत तेथला बहुसंख्य कॅथॉलिक शेतकरी हा कूळ होता. जमिनी बहुतेक प्रॉटेस्टंट जमिनदारांच्या. त्यांतले कित्येक तर इंग्लंडांत बसून खंड खाणारे. अठराव्या शतकांत कायदाच असा होता कीं, कॅथॉलिकानें जमीन विकत घ्यावयाची नाहीं. १७२८ पासून १७९३ पर्यंत त्याला मताचाही हक्क नव्हता. ज्या सरकारी चर्चांत तो कधीं पाऊल टाकीत नसे, त्या चर्चच्या उपाध्यायांना मात्र आपल्या पिकांतला वांटा त्यानें निमूटपणें द्यावा. १७९३ सालीं मत मिळालें तें चाळीस शिलिंग किंमतीच्या जमिनीच्या कुळांना. मत द्यावयाचें तेंही उघड्यावर, तोंडानें सांगून, आणि समोर जमिनदाराचा कारभारी उभा. तुम्हीच सांगा, अशा ठिकाणीं कूळ कोणाचें नांव घेईल ?

तरी १८२८ सालीं क्लेअर परगण्यांत नवल घडलें. डॅनियल ओकॉनेल हा कॅथॉलिक वकील उमेदवार म्हणून उभा राहिला आणि कुळांनीं मालकांच्या तोंडावर त्याचें नांव घेतलें. प्रतिस्पर्ध्याच्या दुपटीहून अधिक मतें त्याला पडलीं. कुळांच्या पुढें पाद्री चालत होते, ही गोष्ट मी लपवीत नाहीं. पण ते पाद्री त्यांच्याच दुःखाचे वाटेकरी होते. त्यांचा धर्मही त्याच कायद्याखालीं चिरडलेला होता. पुढच्याच वर्षीं सरकारनें कॅथॉलिकांना पार्लमेंटांत बसण्याचा हक्क दिला आणि त्याच वेळीं मताची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर, म्हणजे पांचपटीवर नेली. ज्या कुळांनीं लढाई जिंकली त्यांचेंच मत गेलें. वकील आंत गेला आणि शेतकरी बाहेर राहिला.

मग १८४५ सालीं बटाट्यावर रोग पडला. गरिबांचें सारें जेवण बटाट्यावर. पुढील सहासात वर्षांत सुमारें १० लाख माणसें भुकेनें व तापानें मेलीं आणि १० लाखांहून अधिक देश सोडून गेलीं. त्याच काळांत आयर्लंडच्या बंदरांतून धान्याचीं जहाजें इंग्लंडास जातच होतीं. खंड थकला म्हणून हजारों कुळांना घराबाहेर काढलें; तीं परत येऊन राहूं नयेत म्हणून घरांचीं छपरें पाडलीं. हें सारें डोळ्यांनीं पाहिलेला माणूस जेव्हां बोटीवर चढला, तेव्हां त्याच्या बोचक्यांत दुसरें कांहीं नसलें तरी एक अक्कल होती : मत म्हणजे काय, आणि तें नसलें म्हणजे काय होतें, हें त्याला पक्कें ठाऊक होतें.

आतां हा माणूस न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरला असें समजा. बरोबर बायको आणि दोन पोरें. हात शेतकऱ्याचे, पण जमीन घ्यावयास पैसा नाहीं. म्हणून शहरांतच अडकला. घर म्हणजे चार-पांच मजली चाळींतली अंधारी खोली. काम म्हणजे खणणें, वाहणें, गोदींत ओझीं उचलणें. आजारी पडला कीं मजुरी बंद. धर्मादाय मंडळ्या होत्या. पण त्या आधीं चौकशी करीत कीं हा दारू पितो काय, आळशी आहे काय, आणि पुष्कळदां मदतीच्या पाठोपाठ प्रॉटेस्टंट पंथाचा उपदेशही येई. अशा वेळीं दाराशीं एक माणूस येऊन उभा राही. तो डेमोक्रॅटिक पक्षाच्या टॅमनी हॉल या संस्थेचा त्या आळींतला कार्यकर्ता. बहुधा आयरिशच, आणि कित्येकदां नाक्यावरचा दारूचा दुकानदार. चुलीला कोळसा, पोराला नोकरी, कोर्टांत जामीन, पांच वर्षें भरल्यावर नागरिकत्वाचा कागद, जें पाहिजे तें तो मिळवून देई.

टॅमनी हॉलची स्थापना १७८९ सालची. आरंभीं ही संस्थासुद्धां परक्यांना दारांत उभें करीत नसे. १८१७ सालीं आयरिश मंडळींनीं तिच्या बैठकींत घुसून खुर्च्या-टेबलांची मोडतोड केली, तेव्हां पुढाऱ्यांना यांच्या संख्येचा साक्षात्कार झाला ! पुढें जॉर्ज वॉशिंग्टन प्लंकिट नांवाचा तिचा एक पुढारी होऊन गेला. त्याच्या बोलण्यावरून १९०५ सालीं एक पुस्तक छापलें गेलें; त्यांत त्याचा दिनक्रम दिला आहे. अपरात्रीं कोणी पकडला गेला तर उठून जामीन द्यावा. पहाटे आग लागल्याची हांक आली तर धांवत जावें आणि जळालेल्या कुटुंबांना निवारा व कपडे द्यावे. सकाळीं कोर्टांत जाऊन दारुड्यांना सोडवावें. भाडें थकलेल्या बाईचें भाडें भरावें, चार बेकारांना कामावर चिकटवावें. दुपारीं इटालियनाच्या मयतास जावें, तेथून यहुद्याच्या मयतास जावें, आणि रात्रीं लग्नांत आहेर करावा.

धर्मादाय मंडळी विचारीत, "तूं मदतीस लायक आहेस काय ?" पक्षाचा माणूस विचारी, "तुझें मत कोणत्या आळींत आहे ?" दुसरा प्रश्न स्वार्थाचा, यांत शंका नाहीं. पण भुकेल्या माणसाला त्यांत अपमान कमी वाटला. पहिल्या प्रश्नांत तो भिकारी होता, दुसऱ्यांत त्याच्याजवळ देण्यासारखें कांहीं होतें.

या कोळशाची किंमत मात्र फार पडली, तीही सांगितली पाहिजे. विल्यम ट्वीड हा टॅमनीचा धनी (तो स्वतः कॅथॉलिक नव्हता) याच्या कारकीर्दींत न्यूयॉर्कला एक न्यायमंदिर बांधण्यांत आलें. त्याचा खर्च वाढत वाढत एक कोटी डॉलरच्या वर गेला. गिलावा करणाऱ्या एका ठेकेदाराच्या नांवें दोन दिवसांच्या कामाचे १ लाख ३३ हजार डॉलर लिहिले होते. येथें गवंडीकाम करणारे बसले आहेत. त्यांनीं दोन दिवसांत किती भिंत होते याचा हिशेब करावा! गरिबाच्या चुलींत टोपलीभर कोळसा गेला आणि पुढाऱ्याच्या घरीं गाडीभर सोनें. ट्वीडला १८७३ सालीं शिक्षा झाली आणि तो १८७८ सालीं तुरुंगांत मेला. टॅमनी मात्र मेली नाहीं. जोंवर दुसरा कोणी दाराशीं येत नव्हता, तोंवर ती मरणार कशी ?

कारण दुसरे होते ते दार ठोठावीत नव्हते, फोडीत होते. १८४४ सालीं फिलाडेल्फिया शहरांत दंगा झाला. शाळांत प्रॉटेस्टंटांच्या बायबलाचें वाचन चाले. आमच्या मुलांना आमच्या पंथाचें बायबल वाचूं द्या, एवढी कॅथॉलिकांची मागणी. त्यावरून आयरिश वस्ती जाळली, दोन चर्चें जाळलीं, माणसें मेलीं. पुढें १८५०-६० च्या दरम्यान परक्यांच्या विरुद्ध एक पक्षच उभा राहिला. त्याच्या सभासदानें गुप्ततेची शपथ घ्यावयाची आणि कोणी विचारलें तर "मला कांहीं ठाऊक नाहीं" म्हणावयाचें. म्हणून लोक त्याला "ठाऊक नाहीं" पक्षच म्हणत. त्याची मागणी अशी कीं, परमुलखांतून आलेल्यास पांच नव्हे, एकवीस वर्षांनीं नागरिक करावें. मॅसॅच्युसेट्स राज्यांत १८५४ सालीं जवळजवळ सारें कायदेमंडळ त्यानें जिंकलें, आणि १८५७ सालीं तेथें असा नियम झाला कीं, ज्याला इंग्रजी वाचतां-लिहितां येत नाहीं त्याला मत नाहीं. ज्यांना शिकूं दिलें नाहीं त्यांना अडाणी म्हणून दाराबाहेर ठेवण्याची ही युक्ति आपल्या ओळखीची आहे.

१८७१ सालीं एका मोठ्या साप्ताहिकांत थॉमस नास्ट या चित्रकाराचें एक चित्र आलें. नदींतून सुसरी किनाऱ्यावर चढताहेत आणि अमेरिकन मुलें भेदरून उभीं आहेत. नीट पाहिलें तर त्या सुसरी म्हणजे कॅथॉलिक बिशप, त्यांच्या टोप्यांचेच जबडे झालेले. चित्राचें नांव काय, तर "अमेरिकेंतील गंगा नदी". आमच्या गंगामाईला बिचारीला तिकडच्या भांडणांतही राबविलें ! अशीं चित्रें ज्या पक्षाच्या बाजूनें निघत तो रिपब्लिकन पक्ष. १८८४ सालीं त्या पक्षाचा उमेदवार ब्लेन याच्या स्वागताला जमलेल्या धर्मोपदेशकांपैकीं एकानें भाषणांत विरोधी पक्षाला दारूबाज, पोपभक्त आणि बंडखोर अशा तीन शिव्या एका दमांत दिल्या. ब्लेनची स्वतःची आई कॅथॉलिक, पण तो तेथल्या तेथें कांहीं बोलला नाहीं. चारसहा दिवसांत ही गोष्ट आयरिश आळ्यांतून घरोघर पोंचली, आणि न्यूयॉर्क राज्य हजार-बाराशें मतांनीं त्याच्या हातून गेलें. त्याबरोबर अध्यक्षपदही गेलें. येथें पोपानें हुकूम सोडला नव्हता. शिवी कोणी दिली आणि ऐकून गप्प कोण बसला, हें लोकांनीं लक्षांत ठेवलें.

बंधूंनो, आतां या लोकांची काळी बाजूही सांगतों. न्यूयॉर्क राज्यांत गोऱ्या मजुराला मताला मालमत्तेची अट उरली नव्हती. काळ्या माणसाला मात्र १८२१ च्या घटनेप्रमाणें २५० डॉलरची मालमत्ता दाखवावी लागे. ओकॉनेल हा गुलामगिरीचा कट्टा शत्रु. अमेरिकेंतल्या आयरिश लोकांनीं गुलामांच्या मुक्तीसाठीं झटावें, असें आवाहन त्यानें व आयर्लंडांतल्या हजारों लोकांनीं सह्या करून १८४२ च्या सुमारास पाठविलें. अमेरिकेंतल्या आयरिशांनीं तें बहुतेक झिडकारलें. गोदींतलें काम काळा हिरावून घेईल, ही भीति. आणि त्या भीतीला खतपाणी घालणारा पक्ष तोच, जो कोळसा देत होता. १८६३ सालीं सैन्यभरतीची सक्ती आली. तीनशें डॉलर भरणारा श्रीमंत त्यांतून सुटे, गरिबाला जावें लागे. न्यूयॉर्कच्या मजुरांचा राग भडकला, आणि तो श्रीमंतावर न जातां काळ्यांवर गेला. त्यांत आयरिश पुष्कळ होते. काळ्या पोरक्या मुलांचा अनाथाश्रम त्यांनीं जाळला. छपरें पाडलेल्या घरांतून आलेल्या माणसांनीं अनाथांचें छप्पर जाळलें. हें सांगतांना मला लाज वाटते, पण हें गाळलें तर आजचें व्याख्यान खोटें होईल.

कॅथॉलिक म्हणजे सारे एकच, असेंही नव्हे. इटालियन लोक आले तेव्हां चर्चांत आणि टॅमनींत आयरिश आधींच गादीवर बसले होते. न्यूयॉर्कच्या पूर्व हार्लेम भागांत कार्मेलच्या मातेचें चर्च आहे. इटालियन गरिबांनीं त्याच्या बांधकामांत अंगमेहनत केली, आणि पूजेला त्यांना वर्षानुवर्षें तळघरांत बसविलें; वरचें चर्च दुसऱ्यांना. देव एक, पंथ एक, पण मजले दोन ! पेन्सिल्व्हानियांतल्या स्क्रँटन गांवीं पोलिश खाणकामगारांनीं तर १८९७ सालीं फ्रान्सिस होडूर या पाद्र्याच्या नेतृत्वाखालीं वेगळें चर्चच काढलें. त्यांचें म्हणणें, चर्च आम्ही बांधतों तर त्याची मालकी बिशपाची कां? अशा लोकांचीं मतें आयरिश पुढाऱ्याच्या खिशांत कशीं राहणार ? न्यूयॉर्कच्या इटालियनांनीं फिओरेलो ला गार्डिया याला उचलून धरलें. तो पक्षानें रिपब्लिकन, पंथानें प्रॉटेस्टंट, आईकडून यहुदी. पण त्यांच्या भाषेंत बोलणारा आणि टॅमनीशीं भांडणारा. १९३४ ते १९४५ तो न्यूयॉर्कचा महापौर होता. पाद्र्याच्या हुकुमावर मत चालतें म्हणणारांनीं याचें उत्तर द्यावें.

आतां आल्फ्रेड स्मिथची गोष्ट. ही मी सावकाश सांगणार आहें, कारण माझ्या मतें या साऱ्या विषयाची किल्ली तिच्यांत आहे. हा १८७३ सालीं न्यूयॉर्कच्या गरीब वस्तींत जन्मला. आजोळ आयरिश, बापाकडे इटालियन व जर्मन रक्त. बाप लवकर वारला म्हणून चौदाव्या वर्षीं शाळा सुटली, आणि हा पोरगा कांहीं काळ मासळीबाजारांत मजुरीला होता. टॅमनीच्या शिडीनेंच तो वर चढला आणि राज्याच्या कायदेमंडळांत गेला. २५ मार्च १९११ रोजीं न्यूयॉर्कमध्यें बायकांचे सदरे शिवणाऱ्या ट्रँगल नांवाच्या कारखान्याला आग लागली. कारखाना इमारतीच्या वरच्या मजल्यांवर. कामगार बहुतेक इटालियन आणि यहुदी तरुण मुली. जिन्याचें एक दार कुलूपबंद, अग्निबंबाची शिडी वरपर्यंत पोंचेना. १४६ जीव गेले. कित्येक मुलींनीं खिडक्यांतून उड्या टाकल्या.

टॅमनीचा जुना रिवाज असता तर पुढारी मयताला गेले असते, घरोघर चार डॉलर दिले असते आणि पुढच्या निवडणुकींत मत मागितलें असतें. स्मिथनें तेवढ्यावर भागविलें नाहीं. कारखान्यांच्या चौकशीसाठीं कायदेमंडळानें मंडळ नेमलें. रॉबर्ट वॅग्नर त्याचा अध्यक्ष आणि स्मिथ उपाध्यक्ष. फ्रॅन्सिस पर्किन्स या बाईंनीं त्यांना कारखान्यांतून फिरवून सारें डोळ्यांनीं दाखविलें. पुढल्या दोन-तीन वर्षांत तीसांहून अधिक कायदे झाले : दारें उघडीं ठेवणें, आगीचे जिने, बायकांच्या कामाचे तास, मुलांच्या मजुरीवर बंधन. येथें टॅमनीची बोली बदलली. पूर्वीं जें मेहरबानी म्हणून मिळत होतें तें आतां हक्क म्हणून मागतां येऊं लागलें. आळींतल्या पुढाऱ्याचा कोळसा तो मरेपर्यंत. कायदा त्याच्या मागेंही राहतो.

स्मिथ चार वेळां न्यूयॉर्कचा गव्हर्नर झाला आणि १९२८ सालीं डेमोक्रॅटिक पक्षानें त्याला अध्यक्षपदासाठीं उभा केला. मोठ्या पक्षाचा कॅथॉलिक उमेदवार हा पहिलाच. मग काय विचारतां ! कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या टोळीनें त्याच्या वाटेवर जळते क्रूस उभे केले. न्यूयॉर्कमध्यें नदीखालून नुकताच एक बोगदा झाला होता. त्याच्या उद्‌घाटनाचा स्मिथचा फोटो खेड्यांतून दाखवून, हा पाहा पोपाच्या वाड्यापर्यंत खणलेला बोगदा, अशी कंडी पिकविली. स्मिथ सपाटून पडला. स्वतःचें राज्यही त्याला मिळालें नाहीं. पण एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेंतून निसटली. बायकांना १९२० पासून मत होतें. तरी आयरिश आणि इटालियन घरांतल्या पुष्कळ बाया तोंवर मतदानाला बाहेर पडल्या नव्हत्या. त्या यंदा पडल्या. एरवीं रिपब्लिकनांकडे जाणारीं मॅसॅच्युसेट्स व र्‍होड आयलंड हीं दोन राज्यें स्मिथला मिळालीं. मासळीबाजारांतला पोरगा राजधानीपर्यंत जाऊं शकत नाहीं, हें त्या बायांनीं पाहिलें आणि आपण मोजले जातों, हेंही पाहिलें.

चार वर्षांनीं हीच मतें फ्रँक्लिन रूझवेल्टला गेलीं. तो प्रॉटेस्टंट, घरचा जमिनदार. पण १९३५ सालीं कामगारांना संघटना करण्याचा हक्क देणारा कायदा त्याच्या कारकीर्दींत झाला, आणि तो आणणारा होता तोच वॅग्नर. म्हातारपणाचें वेतन सुरू झालें त्याच वर्षीं. आणि कामगारमंत्री होत्या त्याच पर्किन्सबाई. आतां पाद्र्यांच्या हुकुमाची परीक्षा पाहा. चार्ल्स कॉफलिन नांवाचा एक पाद्री मिशिगन राज्यांतून दर रविवारीं रेडिओवर बोले; लक्षावधि लोक त्याला ऐकत. तो रूझवेल्टवर उलटला आणि १९३६ सालीं त्यानें लेम्के हा आपला उमेदवार उभा करविला. ९० लाख मतें मिळवून देईन, नाहीं तर रेडिओ सोडीन, ही त्याची गर्जना. मतें पडलीं ९ लाखांहूनही कमी. कॅथॉलिकांनीं बहुसंख्येनें रूझवेल्टलाच मत दिलें. रविवारीं पाद्र्याचें भाषण ऐकलें आणि मंगळवारीं आपल्या घरचा हिशेब पाहिला.

१९६० सालच्या जॉन केनेडीविषयीं फार बोलत नाहीं. तें नांव सर्वांना ठाऊक आहे. त्याचा पणजा पॅट्रिक हा दुष्काळाच्या दिवसांत आयर्लंडहून बोस्टनला आलेला, पिंपें बांधणारा कारागीर. तो १८५८ सालीं मेला, विधवेनें लहानसें दुकान चालवून मुलें वाढविलीं, मुलगा दारूचा दुकानदार व आळीचा पुढारी झाला, आणि त्याचा नातू अध्यक्ष. निवडणुकीआधीं त्याला ह्यूस्टन शहरांत प्रॉटेस्टंट पाद्र्यांपुढें उभें राहून सांगावें लागलें कीं, मी पोपाच्या सांगण्यावर राज्य चालविणार नाहीं. गॅलपच्या पाहणीप्रमाणें शंभरांतल्या सुमारें ७८ कॅथॉलिकांनीं त्याला मत दिलें.

आणि त्यानंतर तें मत सुटलें. लेकरें शिकलीं, शहराबाहेर स्वतःचीं घरें झालीं, कर भरावे लागले; १९७२ सालीं कॅथॉलिकांचें बहुमत रिपब्लिकन निक्सनकडे गेलें. १९७४ सालीं बोस्टनच्या न्यायाधीशानें हुकूम केला कीं, काळीं व गोरीं मुलें मोटारींतून नेऊन एकत्र शाळेंत बसवावीं. आयरिश वस्तींत संताप उसळला. जॉन केनेडीचा धाकटा भाऊ एडवर्ड जमावाला समजावयास गेला, तर त्याच्यावर टोमॅटो व अंडीं फेकून त्याला पळवून लावलें. तो ज्या सरकारी इमारतींत शिरला तिच्या खिडकीची कांच फोडली. त्या इमारतीला नांव त्याच्या मारल्या गेलेल्या भावाचेंच होतें. २००४ सालीं डेमोक्रॅटिक उमेदवार केरी कॅथॉलिक होता. गर्भपाताच्या प्रश्नावर कांहीं बिशप त्याच्या विरुद्ध गेले, आणि कॅथॉलिकांचीं निम्म्याहून अधिक मतें प्रॉटेस्टंट बुशला पडलीं. येथें बिशपांचा शब्द कांहीं घरांत चालला, हें कबूल केलें पाहिजे. पण २०१६ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं नुसत्या भिंती बांधूं पाहणारा ख्रिस्ती नव्हे असें ट्रंप यांच्याविषयीं बोलून दाखविलें, तरी गोऱ्या कॅथॉलिकांचें बहुमत ट्रंप यांनाच मिळालें. म्हणजे पाद्र्याचा शब्द चालतो तो ज्याच्या मनांत आधींच तेंच असतें त्याच्या घरीं.

राहिले मेक्सिकन शेतमजूर. १९३५ च्या कायद्यानें कामगाराला संघटनेचा हक्क दिला खरा, पण शेतमजुराला त्यांतून वगळलें. कारखान्यांत काम करणारा कामगार, आणि उन्हांत द्राक्षें तोडणारा कोण ? तीस वर्षें हा प्रश्न तसाच राहिला. १९६५ सालीं कॅलिफोर्नियांतल्या डिलेनो गांवीं लॅरी इटलिऑंग यांच्यामागें फिलिपिनो मजुरांनीं संप केला. आठ दिवसांनीं सीझर चावेझ आणि डोलोरेस ह्युएर्टा यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांना मिळाली. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं राज्याच्या राजधानीपर्यंत पायीं दिंडी काढली. पुढें ग्वादालूपच्या मातेचें निशाण. गंमत पाहा, द्राक्षमळ्यांचे मालकही पुष्कळसे कॅथॉलिकच, इटालियन आणि क्रोएशियन वंशाचे. मालक आणि मजूर एकाच मातेपुढें मेणबत्ती लावणारे. पण एक मजुरी ठरविणारा आणि एक ती मागणारा. एडवर्डचा वडील भाऊ रॉबर्ट केनेडी १९६६ सालीं तेथें चौकशीला गेला. कायदा मोडतील या संशयावर संपवाल्यांना पकडलें, असें तेथल्या पोलीसप्रमुखानें सांगितलें, तेव्हां त्यानें जेवणाच्या सुटींत देशाची घटना वाचून पाहण्याचा सल्ला दिला. १९६८ सालीं तो उमेदवार झाल्यावर याच मजुरांनीं कॅलिफोर्नियाभर दारोदार फिरून त्याच्यासाठीं मतें गोळा केलीं. तो जिंकला, आणि त्याच रात्रीं त्याच्यावर गोळी झाडण्यांत आली. शेतमजुरांचा कायदा कॅलिफोर्नियांत १९७५ सालीं झाला.

क्यूबाहून आलेले कॅथॉलिक मात्र रिपब्लिकनांच्या बाजूचे. कारण ते कॅस्ट्रोच्या राज्यांतून पळून आले, आणि १९६१ सालीं क्यूबावर केलेल्या फसलेल्या स्वारींत केनेडीनें आपल्या माणसांना वाऱ्यावर सोडलें, हें त्यांच्या मनांत बसलें. पंथ एक, भाषा एक, पण सोडून आलेलें घर निराळें, म्हणून मत निराळें.

शेवटीं टेक्सास राज्यांत मेक्सिकोच्या सरहद्दीवर स्टार नांवाचा परगणा आहे, त्याच्याकडे येतों. शंभरांतले पंचाण्णवांहून अधिक लोक मेक्सिकन व तत्सम वंशाचे. शंभराहून अधिक वर्षें या परगण्यानें अध्यक्षपदासाठीं रिपब्लिकनाला बहुमत दिलें नव्हतें. २०१६ सालीं शंभरांतलीं ७९ मतें डेमोक्रॅटिक उमेदवारास पडलीं. २०२० सालीं, उमेदवार बायडेन स्वतः कॅथॉलिक असतां, तीं ५२ वर आलीं. आणि २०२४ सालीं परगणा ट्रंप यांच्याकडे गेला. परक्यांना हांकलून देईन म्हणणाऱ्या माणसाला यांनीं मत दिलें, म्हणून शहरांतल्या विद्वानांनीं कपाळावर हात मारून घेतले आणि पुन्हा तेंच पालुपद सुरू केलें कीं, या लोकांना कोणी तरी भुलविलें. तेथें गेलेल्या वार्ताहरांना लोकांनीं सांगितलें तें निराळेंच होतें. किराणा महाग झाला, पेट्रोल महाग झालें. घरांतला एक मुलगा तेलाच्या विहिरीवर कामाला, दुसरा सरहद्दीच्या पहाऱ्यावर नोकरीला. आठ वर्षांत त्यांचें चर्च बदललें नव्हतें. बदलला होता दुकानांतला भाव, आणि हीं मतें आपल्याच गोठ्यांत बांधलेलीं आहेत असें समजून जुन्या पक्षाचीं माणसें त्या दारांकडे यावयाचीं थांबलीं होतीं.